डीआरएल परत परत जातोय? पुढचा दिवा विकत घ्यायच्या आधी हे बघा

डीआरएल म्हणजे इंजिन चालू केलं की दिवसा आपोआप लागणारा पुढचा दिवा. तो एकदा गेला तर त्यात विशेष काही नाही, गाडी चालू असली की तो चालू, त्यामुळं हेडलाइटपेक्षा त्याचे तास लय जास्त भरतात. पण नवीन टाकला, थोडे दिवस चालला, परत गेला, परत टाकला, पावसाळा लागला की परत गेला, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडं कोल्हापुरात लोक बल्बवर बल्ब टाकत राहतात, नाहीतर वैतागून अख्खी हेडलाइट बदलतात, बिल पाच आकड्यात जातं, आणि दिवा ज्याच्यामुळं जातोय ते तसंच गाडीत राहतंय. माझं म्हणणं एवढंच आहे की मीटर लावल्याशिवाय पार्ट घेऊ नका. साधा डिजिटल मल्टिमीटर एका बल्बच्या दोन-चार पट किमतीत येतो आणि पुढं गाडीला, घरात, शेतातल्या मोटरला सगळीकडं कामाला येतो.

आधी खरंच बिघाड आहे का ते बघा, कारण बऱ्याच वेळा गाडी बरोबर असते. कितीतरी गाड्यांत हेडलाइट लावली की डीआरएल बंद होतो नाहीतर मंद होतो, काही गाड्यांत हँडब्रेक ओढलेला असला की लागतच नाही, आणि डाव्या बाजूचा इंडिकेटर दिला की डाव्या बाजूचा डीआरएल मंद होतो किंवा विझतो, इंडिकेटर नीट दिसावा म्हणून कंपनीनंच तसं केलेलं असतंय. काही गाड्यांत स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये डीआरएल बंद करता येतो, घरात कुणीतरी तिथं हात लावलेला असतो आणि आपण फ्यूज शोधत बसतो. गाडीचं मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडलेलं असतंय, ते एकदा उघडा.

मग दुसरं, तुमच्या गाडीत डीआरएल बल्बचा आहे की एलईडीचा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बल्बचा असेल तर बहुतेक पी २१ डब्ल्यू, किंवा दोन फिलामेंटचा पी २१/५ डब्ल्यू किंवा डब्ल्यू २१/५ डब्ल्यू असतो, काही गाड्यांत एच १५ असतो ज्यात हायबीम आणि डीआरएल एकाच बल्बमध्ये असतात. हे बल्ब वेगळे काढून बदलता येतात. एलईडीचा असेल तर पट्टी हेडलाइटच्या आत सीलबंद असते आणि कंपनी म्हणते अख्खं युनिट बदला.

आता बिघाड कसा येतोय ते नीट आठवा, हे फुकटचं काम आहे आणि अर्धं उत्तर इथंच मिळतंय. दरवेळी एकाच बाजूचा जात असेल तर त्या बाजूचं अर्थिंग (दिव्याची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडलेली असते ती जागा), कपलर (दिव्याला वायर जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग), वायर नाहीतर आत शिरणारं पाणी. दोन्ही बाजूचे आलटून पालटून जात असतील तर व्होल्टेज जास्त येतंय किंवा बल्ब हलका आहे. दोन्ही एकदम विझले तर आधी फ्यूज, रिले, बीसीएम (बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचे दिवे वगैरे चालवणारा कॉम्प्युटर). खड्ड्यात गाडी आदळली की लुकलुकतो आणि बॉनेटवर थाप मारली की लागतो, तर कुठंतरी कॉन्टॅक्ट ढिला. फक्त पावसात किंवा वॉशिंग सेंटरहून आल्यावर जातो, तर पाणी. सकाळी गार गाडीत लागतो आणि पुण्याला जाताना साताऱ्यापर्यंत विझतो, तर एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेतानं करंट देणारं सर्किट, गरम होऊन बंद पडतोय. आणि पट्टीतले मधलेच काही ठिपके विझलेत, बाकीचे लागतात, तर वायरिंगच्या मागं लागू नका, सप्लाय तिथपर्यंत पोचतोय, बिघाड युनिटच्या आतल्या पट्टीत आहे.

बल्ब असेल तर जुना बल्ब फेकून देऊ नका, उजेडात धरून काच बघा. काच स्वच्छ आणि फिलामेंट मधनं तुटलेलं असेल तर हादरे, किंवा साधं वय झालं. काच आतनं काळी किंवा चंदेरी पडली असेल तर बल्ब भरपूर जळलाय, आणि नवीन असून लवकर काळा पडत असेल तर व्होल्टेज जास्त आहे असं समजायला हरकत नाही. आतनं पांढरी भुकटी धरली असेल तर काचेचं सील फुटून हवा आत गेलीय. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं दिसलं तर तिथं कॉन्टॅक्ट ढिला होऊन तापतोय किंवा कुणीतरी जास्त वॅटचा बल्ब घातलाय, अशा होल्डरमध्ये कितीही भारी कंपनीचा बल्ब घाला, टिकणार नाही, होल्डरच बदलायला पाहिजे.

काम चालू करायच्या आधी दोन गोष्टी सांभाळा. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा रेडिएटरचा फॅन अचानक चालू होतो, बोटं लांब ठेवा. आणि हेडलाइट झेनॉनची असेल तर त्याच्या कपलरला हात लावू नका, पेटवताना तिथं २० हजार व्होल्टच्या वर जातंय, ते काम जाणत्या माणसाकडंच द्या.

पहिलं माप बॅटरीवर. इंजिन बंद करून थोडा वेळ गाडी उभी राहू दे, मग बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा, १२.४ ते १२.७ च्या आसपास आलं तर बॅटरी ठीक. मग इंजिन चालू करा, साधारण १३.८ ते १४.७ यायला पाहिजे. कुणाला तरी ॲक्सिलरेटर देऊन २००० आरपीएमवर धरायला सांगा आणि मीटरकडं बघत राहा. १५ च्या वर जाऊन तिथंच थांबत असेल किंवा आरपीएम वाढवलं तसं व्होल्टेज चढतच असेल तर ऑल्टरनेटरचा (ज्याला जुने मिस्त्री डायनामो म्हणतात त्याचा) रेग्युलेटर गेलाय. नवीन गाड्यांतले स्मार्ट ऑल्टरनेटर गरजेप्रमाणं व्होल्टेज कमी-जास्त करतात म्हणून एका मापावर निकाल देऊ नका, थोडा वेळ बघा. फिलामेंटचा बल्ब व्होल्टेजला लय नाजूक असतो, नुसतं ५ टक्के व्होल्टेज वाढलं तर आयुष्य निम्म्याच्या आसपास येतंय. म्हणजे रेग्युलेटर बिघडलेला असताना तुम्ही वर्षभर बल्ब बदलत राहाल.

इथंच बॅटरीचे टर्मिनल हलवून बघा. हातानं फिरतंय का? फिरत असेल तर तुमच्या एलईडीचा गुन्हेगार सापडला असं समजा. चालत्या गाडीत टर्मिनल क्षणभर जरी सुटलं तरी ऑल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळी मारतंय आणि पहिला मार इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हरला बसतो. इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढायचं आणि गाडी चालू राहते का बघून डायनामो पास करायचा, ही जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. आताच्या गाडीला हे कुणालाही करू देऊ नका, ओळखीचा मिस्त्री असला तरी हात धरा. गाडीवर वेल्डिंग करणार असतील तर आधी बॅटरी सोडवून घ्या.

आता अर्थिंग, आणि इथं जरा जास्त वेळ द्या, कारण एकाच बाजूचा डीआरएल परत परत जायचं किंवा मंद लागायचं कारण बहुतेक इथंच सापडतंय. हेडलाइटच्या मागं कपलरमधनं निघालेली काळी किंवा तपकिरी वायर पुढं जाऊन बॉडीला एका बोल्टनं जोडलेली असते, बऱ्याचदा हेडलाइटच्या मागच्या पत्र्यावर किंवा बॅटरीच्या ट्रेखाली. तिथं पाणी, चिखल, बॅटरीच्या ॲसिडची वाफ सगळं लागतंय. नुसतं बघून कळत नाही, बोल्ट वरनं चकचकीत आणि खाली गंज असं असतंय. म्हणून माप घ्या. डीआरएल चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक कपलरच्या मागनं दिव्याच्या अर्थ वायरला. ०.१ च्या आत आलं तर उत्तम, ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंग साफ करायला पाहिजे. तसंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या पॉझिटिव्हपर्यंत माप घ्या, मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर मधे फ्यूज, रिले किंवा कपलरमध्ये कुठंतरी व्होल्टेज गळतंय. हे माप दिवा चालू असतानाच घ्यायचं, हे विसरू नका. कपलर काढून नुसत्या पिनांवर मीटर लावला तर सडलेल्या वायरमधनंही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण करंट वाहतच नाही, आणि लोक इथंच फसतात, म्हणतात सप्लाय बरोबर आहे, दिवाच खराब. २१ वॅटचा बल्ब साधारण दीड अँपिअर खेचतो, गंजामुळं एक ओहमचा जरी अडथळा झाला तरी दीड व्होल्ट तिथंच जातात.

चालू दिव्याच्या दोन वायरींवर मीटर लावून ६-७ व्होल्ट स्थिर दिसले तर लगेच घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत बीसीएम सप्लाय सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून दिव्याचा उजेड कमी-जास्त करतंय आणि मीटर त्याची सरासरी दाखवतो. चांगल्या बाजूला पण तेवढंच दिसतंय का ते बघा. दोन्ही बाजूची मापं कागदावर शेजारी शेजारी लिहा, फरक असेल तिथं शोधायचं.

अर्थिंग खराब असल्याची आणखी एक खूण आहे. इंडिकेटर दिल्यावर डीआरएल त्याच्या ठेक्यावर धडधडतो किंवा हेडलाइट लावल्यावर बंद असायला पाहिजे तो डीआरएल मिणमिणता लागतो. कंपनीनं केलेलं मंद होणं असेल तर इंडिकेटर चालू असेपर्यंत एकसारखं मंद राहतंय, धडधडत नाही. दुरुस्ती सोपी आहे, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, बोल्ट काढा, रिंग टर्मिनल आणि खालचा पत्रा दोन्ही पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करा आणि मग वरनं ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून बोल्ट आवळायचा नाही, धातूला धातू लागला पाहिजे. रिंगपाशी वायर कडक झाली असेल, आतली तांब्याची तार काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन रिंग टाका. परत माप घ्या.

कपलर उघडल्यावर पिना हिरव्या दिसल्या म्हणजे तांबं खराब झालंय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, बारीक ब्रश फिरवून, पूर्ण वाळू द्या. थोडीशी हिरवी असेल तर चालून जातंय, पण पिन बारीक झाली, खड्डे पडले तर कपलर वायरच्या शेपटीसकट नवीन घ्या. फिमेल पिना, म्हणजे ज्यांच्यात समोरची पिन घुसते त्या, ढिल्या झाल्यात का हे बघायला त्याच मापाची एक सुटी पिन घालून ओढून बघा, काहीच पकड लागली नाही तर ती पिन गेलीय. टेस्टिंग लॅम्पची जाड सुई पिनांत खुपसून खुपसून पण पिना ढिल्या होतात, म्हणून मागच्या बाजूनं बारीक पिन घालून माप घ्यायची सवय लावा. वायर जोडताना दोन्ही जोड एकाच जागी करू नका, पुढं-मागं करा, क्रिंप करून आतनं गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसत्या काळ्या टेपवर इंजिनच्या खोलीत भरवसा ठेवायचा नाही, उन्हाळ्यात गोंद वितळतोय आणि पावसाळ्यात टेप उघडतीय.

आता पाणी. जून ते सप्टेंबर आपल्याकडं काय पाऊस असतोय ते सांगायला नको, आणि ज्यांची गाडी गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट या बाजूला रोज जाते त्यांना हे सगळ्यात आधी बघावं लागतंय. हेडलाइटच्या काचेत आतनं हलकं धुकं येणं आणि गाडी चालवल्यावर थोड्या वेळात जाणं हे चालतंय, प्रत्येक हेडलाइटला हवा जायला बारीक छिद्रं असतात. पण थेंब ओघळत असतील, तळाला पाणी साचलं असेल तर गळती आहे. बघायच्या जागा म्हणजे मागचं रबरी झाकण, बल्ब बदलल्यावर ते नीट बसवलेलंच नसतं, मग काच आणि बॉडीमधला जोड, बंपर कुठं घासला असेल तर युनिटच्या कोपऱ्यातली केसासारखी चीर, आणि लय महत्त्वाचं, कुणी वेगळी एलईडी हेडलाइट बसवताना झाकणाला भोक पाडलंय का. उसाच्या ट्रॅक्टरमागनं गाडी चालवून आल्यावर चिखलानं हवेची नळी बुजते, मग आतलं बाष्प बाहेर पडत नाही, तीही साफ करा.

वाळवायला मागचं झाकण उघडून गाडी दुपारच्या उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायर कमी गरमवर लांबनं फिरवा. चीर बंद करायला सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो तो सिलिकॉन आत वापरू नका, त्याच्यातनं निघणारं ॲसिड तांब्याच्या पिना खातंय, न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब मागा. आणि हवेची छिद्रं मात्र बंद करायची नाहीत. वॉशिंगवाल्याला सांगून ठेवा, हेडलाइटच्या कडेवर आणि बॉनेट उघडून आत प्रेशरचा फवारा नको.

सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि दिव्यांचा त्रास संपतच नसेल तर एक शंका मनात ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीपाशी हायवे बंद पडला, त्या वेळी गाड्या पण पाण्यात होत्या. सीटखालच्या कार्पेटच्या आत, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात, कपलरच्या खाचांत वाळलेला बारीक गाळ दिसला तर एक डीआरएल दुरुस्त करून भागणार नाही, पुढचं अख्खं वायरिंग उघडून बघून घ्या.

उंदीर पण. ऊसतोड चालू झाली की रान मोकळं होतंय आणि उंदीर वस्तीकडं, गोठ्याकडं, उभ्या गाडीकडं वळतात, इंजिनची ऊब त्यांना आवडते. वायरचं वरचं आवरण कुरतडलेलं असेल तर उन्हाळ्यात काहीच होत नाही, पावसात शॉर्ट होऊन फ्यूज उडतोय. फ्यूज सारखा उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, कृपा करून नका, वायर पेटते. हेडलाइटपासून मागं वायर हातानं चाचपत जा, पाइपच्या आतनं पण.

बाहेरनं बसवलेल्या वस्तू एकदा मोजा. फॉगलॅम्प, मोठा हॉर्न, लाइटच्या पट्ट्या, यांचा सप्लाय डीआरएलच्या वायरला दात रोवणारी क्लिप लावून घेतला असेल तर वायर तिथं अर्धी तुटते आणि पाणी शिरतंय. असले सगळे जोड काढून बॅटरीवरनं वेगळा फ्यूज आणि रिले टाकून घ्या. बल्बच्या जागी एलईडी बल्ब घातला असेल तर गाडीला वाटतंय बल्ब गेला, करंट कमी झाला ना, मग वॉर्निंग येते, लुकलुक होते. त्यावर उपाय म्हणून दुकानदार ६ ओहमचा रेझिस्टर देतात, तो साडेतेरा व्होल्टवर जवळपास ३० वॅट उष्णता काढतो, प्लॅस्टिकला टेकला तर वितळवतो. माझं मत विचाराल तर मूळ जो बल्ब होता तोच चांगल्या कंपनीचा घाला, दोन्ही बाजूला एकदम.

एलईडी पट्टीची गाडी असेल आणि वायरिंग, अर्थिंग, व्होल्टेज सगळं बरोबर निघालं तर मग युनिटवर या. काही गाड्यांत एलईडीचा ड्रायव्हर हेडलाइटच्या खाली बाहेरनं स्क्रूनं लावलेला असतो आणि वेगळा मिळतो. डाव्या-उजव्याचा पार्ट नंबर एकच असेल तर अदलाबदल करून बघा, बिघाड बाजू बदलून गेला तर ड्रायव्हर खराब, पट्टी शाबूत. एलईडी एकामागं एक मालिकेत असतात, त्यातली एक उघडी पडली की तेवढी ओळ विझते, त्यामुळं एका बारक्या चिपसाठी अख्खं युनिट भंगारात घालायचं का हा विचार करा. गाडी वॉरंटीत असेल तर उघडू नका. वॉरंटी संपली असेल तर उद्यमनगरसारख्या भागात हेडलाइट गरम करून उघडून पट्टी बदलणारे कारागीर चौकशी केली तर सापडतील, फक्त परत बंद करताना ब्यूटाइलचं (चिकट रबराचं) सील नवीन टाकणार का हे आधी विचारा, जुन्यावरच दाबून बसवणाऱ्याकडं देऊ नका, पहिल्या पावसात पाणी येईल. टेस्टिंगला एलईडीच्या लाइनवर २१ वॅटचा बल्ब लावू नका, बीसीएमला तो ओव्हरलोड वाटू शकतो आणि ते लाइनच बंद करतंय.

त्यावरनं बीसीएमचं सांगतो. काही गाड्यांत एखाद्या लाइनवर शॉर्ट परत परत झाला की बीसीएम ती लाइन कायमची बंद करून ठेवतंय. मग तुम्ही वायर दुरुस्त करता, नवीन दिवा घालता, तरी लागत नाही, आणि वाटतं नवीन दिवा पण गेला. बॅटरी काढून लावून काही गाड्या जाग्यावर येतात, काहींना स्कॅनरनंच रिसेट द्यावा लागतो. गाडीचे बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारे ऑनलाइन मिळणारे स्वस्त डोंगल बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात, बॉडीचे कोड वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं जा.

सर्व्हिस सेंटरला नेताना "डीआरएल जातोय" एवढंच लिहून देऊ नका. जॉब कार्डवर लिहायला लावा, कुठल्या बाजूचा, किती वेळा बदलला, पावसात जातो की गरम झाल्यावर, आणि लोडवर, म्हणजे दिवा चालू असताना, अर्थचा व्होल्टेज ड्रॉप मोजून आकडा लिहा. लुकलुकत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, तिथं गेल्यावर गाडी शहाण्यासारखी वागते. जुना पार्ट परत मागा.

एक गोष्ट डीआरएल चांगला असणाऱ्यांनी पण लक्षात ठेवा. बहुतेक गाड्यांत डीआरएल लागला म्हणजे मागचे दिवे लागत नाहीत. घाटात धुकं असताना पुढं उजेड दिसतो म्हणून माणूस निर्धास्त चालवत राहतो आणि मागनं येणाऱ्या ट्रकला गाडी दिसतच नाही. पाऊस, धुकं असलं की हेडलाइटचं बटण हातानं फिरवायचंच.

सगळं झाल्यावर तपासणी अशी करा. इंजिन चालू, डीआरएल चालू, नळाच्या साध्या पाइपनं दहा मिनिटं हेडलाइटवर पाणी सोडा, पाऊस पडल्यासारखं. कपलर हलवा, वायर हलवा, इंडिकेटर, हायबीम, हॉर्न, फॅन सगळं एकदम लावा. मग एक लांबची फेरी मारून गाडी पूर्ण गरम करा आणि अर्थचं तेच माप परत घ्या. आकडा कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअलच्या पिशवीत ठेवा. महिन्याभरानं परत मोजा, वाढला असेल तर गंज पूर्ण निघालेला नाही, बोल्ट परत उघडा.